ट्रक ड्रायव्हरची झोप गेटवर जाते : माल भरण्या-उतरवण्याच्या जागी काय बदलायला हवं?

कळंबोलीकर (धागाकर्ता)

मी मालवाहतुकीच्या ऑफिसात गाड्या लावायचं काम करतो. गाडी ठरवणं, बिल्टी (माल पाठवल्याची पावती) काढणं, अ‍ॅडव्हान्स देणं आणि माल पोचेपर्यंत दोन्ही बाजूंचे फोन घेत राहणं हे माझं रोजचं काम. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांच्या हालांवर अलीकडे बरंच बोललं जातंय, ते व्हायलाच हवं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर पहिल्या टप्प्यात हजार विश्रांतिगृहं बांधायची घोषणा केली. सरकारी तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' नावाने खोल्या सुरू केल्या, जुलै २०२५ पर्यंत देशभरात ३६८ ठिकाणी मिळून ४,६११ खाटा झाल्या. २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. यातलं काहीच वाईट नाही.

तरीही मला वाटतं की आपण औषध एका जागी लावतोय आणि दुखणं दुसरीकडे आहे. ड्रायव्हर महामार्गावर झोपत नाही, याचं पहिलं कारण खाट नाही हे नसतं. त्याची झोपायची वेळ आधीच खर्च झालेली असते आणि ती कारखान्याच्या, गोदामाच्या, यार्डाच्या गेटवर खर्च होते.

कसं ते सांगतो. चाकण भागातून माल भरून चेन्नईकडे जायचंय. कंपनी म्हणते, गाडी सकाळी ९ ला हजर पाहिजे. ड्रायव्हर रात्रभर चालवून पहाटेच गेटवर येऊन लागतो, कारण नंबर मागे गेला तर दिवस गेला. टोकन मिळतं. पुढे पंधरा-वीस गाड्या. रांग अर्ध्या तासाने एक गाडी पुढे सरकते, म्हणून त्याला स्टेअरिंग सोडून आडवं होता येत नाही. तो पुढे सरकला नाही तर मागचा हॉर्न मारतो, वॉचमन ओरडतो. दुपारी भरणाऱ्यांची जेवणाची सुट्टी. चारला शिफ्ट बदलते. संध्याकाळी सातला गाडी आत जाते, नऊला भरून होते, काट्यावर वजन करून, कागद घेऊन साडेदहाला बाहेर पडते. आणि मग माझा फोन जातो, की पार्टीला परवा सकाळी माल हवाय, दाबून चालव. हा फोन मला करावा लागतो म्हणून मी लिहितोय.

त्या सगळ्या दिवसात गेटवर काय असतं? बहुतेक ठिकाणी सावली नाही. संडास आत, आणि आत 'ड्रायव्हर-क्लीनरला प्रवेश बंद' अशी पाटी. पाण्याला समोरच्या टपरीवर जायचं, तिथला कॅन विकत. आंघोळीचा तर विषयच नाही. उरणकडे कंटेनर यार्डांच्या रस्त्यावर, जासई, गव्हाण फाटा, करळ फाटा या पट्ट्यात ट्रेलरच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. भरलेला डबा सोडायला एक रांग, रिकामा डबा उचलायला दुसरी.

आणि या थांबण्याचे पैसे? ड्रायव्हरचा पगार बहुतेक ठिकाणी ट्रिपवर बांधलेला. चाक फिरलं तर कमाई. उभ्या दिवसाला जेवणाचा भत्ता मिळाला तर मिळाला. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, करारात असतात, बिलात क्वचित दिसतात.

माझ्या मते तीन गोष्टी गेटवरच करता येतात. गाडी कधी आली, कधी आत गेली, कधी सुटली या वेळा बिल्टीवर लिहिल्या जाव्यात. ठरलेल्या तासांनंतर हॉल्टिंग द्यावं आणि त्यातला वाटा ड्रायव्हरला मिळावा. आणि प्रत्येक मोठ्या गेटबाहेर संडास, पाणी, सावली आणि गाडी न सरकवता झोपता येईल अशी उभं राहायची जागा असावी. यासाठी नवा महामार्ग लागत नाही.

ड्रायव्हर, मालक, कंपन्यांत डिस्पॅच बघणारे, सगळ्यांनी आपापल्या बाजूने लिहा. मला एकच बाजू दिसते.

घाटमाथा

चांगला धागा. मी कारवाला आहे, ट्रकबद्दल माहिती शून्य. समृद्धीवरून नागपूरला जाताना रात्री रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर उभे ट्रक दिसतात, काहींचे मागचे दिवेही बंद. त्यावर मागून गाडी आदळली की संपलंच. ते तिथे का थांबतात? पुढे सोयीच्या जागी का जात नाहीत?

बारा_टायर

दादा, मी ड्रायव्हर आहे. आष्टी तालुक्यातला, बारा टायर चालवतो. बोलून टाइप करतोय, चुकलं तर समजून घ्या.

समृद्धी बंद रस्ता आहे. मधून कुठेही उतरता येत नाही, इंटरचेंज आला तरच बाहेर. पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, अख्खा ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ ला. रस्ता आधी आला, थांबायच्या जागा मागून. जुन्या हायवेला ढाबा असतो, ढाब्यासमोर मोकळं मैदान असतं, ढाबेवाला ओळखीचा असतो. तिथे ते नाही. सरळ रस्ता, आजूबाजूला काही नाही, ८० च्या स्पीडला डोळा लागतो. ज्याला कळतं की आता डोळा लागणार, तो कडेला घेतो. ते चूक आहे हे आम्हालाही माहीत आहे. पण चालवत राहिलो तर त्याहून वाईट होतं.

आता खोल्यांचं. पंपावर खाट आहे, चांगली आहे, मी झोपलोय. पण गाडी कोण बघणार? रात्री डिझेल टाकीचं झाकण फोडतात, पाइप टाकून डिझेल काढतात. ताडपत्री कापून माल काढतात. बॅटरी नेतात, स्टेपनी नेतात. आणि ते सगळं आमच्या पगारातून कापलं जातं. पोचल्यावर माल कमी निघाला तर पार्टी भाड्यातून कापते, मालक माझ्याकडून. मग मी खोलीत कसा झोपेन? केबिनमध्येच झोपतो, एक कान बाहेर ठेवून.

पूर्वी क्लीनर असायचा. मी झोपलो की तो जागा राहायचा, घाटात चाकाला उटी (अडवायचा ठोकळा) लावायला असायचा, रिव्हर्सला मागे उभा राहायचा. आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनर ठेवतच नाहीत. सगळं एकट्याने.

तेव्हा खोली बांधायची तर अशी बांधा की खिडकीतून गाडी दिसेल. भिंत, लाइट, कॅमेरा आणि एक माणूस जागा. खाट साधी चालेल.

गेटचं कळंबोलीकरांनी लिहिलंय ते शंभर टक्के. एक अजून सांगतो. दिवसभर गेटवर राहिलो की आम्ही पाणी कमी पितो, कारण जायचं कुठे. उन्हाळ्यात गाडीतच बसून, इंजिन बंद, पत्रा तापलेला. आणि रात्री घाट उतरायचा.

तीन_गाड्यावाला

मी जयसिंगपूरचा, तीन गाड्यांचा मालक. एक स्वतः चालवायचो, आता गुडघ्यामुळे बंद. मालकांना शिव्या पडतात म्हणून आमची बाजू लिहितो.

गाडी गेटवर उभी राहिली की ड्रायव्हरचं नुकसान होतं तसं माझंही होतं. बँकेचा हप्ता उभ्या गाडीलाही असतो. विमा, टॅक्स, परमिट उभ्या गाडीलाही असतं. महिन्यात ज्या फेऱ्या व्हायला हव्यात त्यातली एखादी निव्वळ रांगेत जाते. हॉल्टिंग मागितलं की कंपनी म्हणते, ट्रान्सपोर्टरला विचारा. ट्रान्सपोर्टर म्हणतो, कंपनी देत नाही तर मी कुठून देऊ. जास्त ताणलं तर पुढची गाडी दुसऱ्याची. बाजारात गाड्या जास्त आणि माल कमी असला की आमच्या हातात काहीच राहत नाही.

त्यात वाराई. माल कंपनीचा, उतरवून घेणारा व्यापारी, आणि भरण्या-उतरवण्याचे पैसे ड्रायव्हरच्या हातून आमच्या खिशातले. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची मागणी जुनीच आहे, आंदोलनंही झालीत. काही ठिकाणी सुधारलंय, काही बाजारांत तेच चाललंय. ड्रायव्हरला तिथे भांडत बसावं लागतं, तोही वेळ गेटवरच जातो.

उरलेलं भाडं पोच आल्यावर मिळतं. पोच म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची बिल्टी. ती कुरियरने येणार, मग तपासणार, मग महिना-दोन महिने. मी ड्रायव्हरला वेळेवर पगार देतो, पण कुठून देतो ते माझं मला माहीत.

एसीबद्दल माझं मत वेगळं आहे. केबिन थंड हवी हे मान्य, पण एसीचं डिझेल कोणाचं? भाड्यात त्याचा एक रुपया वाढलेला नाही. गेटवर इंजिन चालू ठेवून दिवसभर एसी लावला तर मला परवडणार नाही. सक्ती करणाऱ्यांनी भाडं देणाऱ्यांवरही काही सक्ती करावी.

बारा_टायर

मालक, तुमचं बरोबर आहे, पण डिझेलचं निघालंय तर एक बोलतो. तुम्ही लोक अ‍ॅव्हरेज बांधून देता. अमुक किलोमीटरला अमुक लिटर. त्याच्या वर गेलं की आमच्या पगारातून, वाचलं तर आम्हाला. म्हणून पोरं उतारावर न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतार आहे, तिथे काय काय होतं ते पेपरात येतंच. नोव्हेंबर २०२२ ला एकाच वेळी चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या गेल्या. लोक म्हणतात ब्रेक फेल. ब्रेक आपोआप फेल होत नाही. लांब उतारावर गिअर नसला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, मग पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. इंजिन बंद असेल तर ब्रेकची हवाही भरत नाही.

त्या पोराला चार-पाच लिटर डिझेल वाचवायचं असतं. का, तर आदल्या दिवशी गेटवर उभं राहून फुकट गेलेला दिवस त्याला कुठूनतरी भरून काढायचा असतो.

तीन_गाड्यावाला

न्यूट्रलने डिझेल वाचतं हाच मोठा गैरसमज आहे, भाऊ, आणि तो जीव घेतोय. जुन्या पंपाच्या गाड्यांचं सोडा. आताच्या बीएस-६ गाडीत गिअर घालून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर इंजिनाला डिझेल जाणं बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलला जास्त जळतं आणि ब्रेकही जातात. माझ्या पोरांना मी घाटात शेजारी बसून डॅशबोर्डवरचा आकडा दाखवलाय. तेव्हापासून न्यूट्रल बंद. वर एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा) आहेच, तो वापरायचा.

अ‍ॅव्हरेज बांधून देणं मात्र मी सोडू शकत नाही. डिझेलचोरी हाही आमच्या धंद्यातला खरा प्रश्न आहे. घाटाच्या रूटला वेगळं अ‍ॅव्हरेज द्यावं, भरल्या गाडीला वेगळं, एवढं मी करतो.

बारा_टायर

हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. गाडी घेताना कंपनी मालकाला सांगत असेल, ड्रायव्हरपर्यंत येत नाही. आमचं शिक्षण म्हणजे उस्तादाच्या शेजारी क्लीनर म्हणून बसून. उस्ताद जुन्या गाडीवरचा होता.

ग्रामीण_डॉक्टर

महामार्गालगतच्या गावात दवाखाना असल्यामुळे ड्रायव्हर पेशंट रोज येतात. बारा_टायर यांनी पाणी कमी पिण्याचं लिहिलंय, त्यावर थांबते.

लघवी तासन् तास रोखणं, पाणी टाळणं आणि तापलेल्या केबिनमध्ये बसणं, या तिन्हींचा एकत्र परिणाम म्हणजे मुतखडा आणि लघवीचे संसर्ग. हे तरुण ड्रायव्हरांमध्येही दिसतं. दुसरं म्हणजे कंबर आणि मान. तिसरं साखर आणि रक्तदाब: रात्रीचं जड जेवण, बसून काम, तंबाखू, अर्धवट झोप. गोळ्या सुरू केल्या तर पुढची तपासणी कुठे करणार हा प्रश्न येतो, कारण पुढच्या आठवड्यात पेशंट कुठल्या राज्यात असेल ते त्यालाच ठाऊक नसतं. मी त्यांना कागद सांभाळायला सांगत नाही, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायला सांगते. पुढच्या डॉक्टरला तेवढं पुरतं.

डोळ्यांचं तर फारच. लांबचं दिसायला चष्मा लागतो हे माहीत असूनही लावत नाहीत. एकाने सांगितलं, चष्मा दिसला की मालक म्हातारा समजतो. व्यावसायिक लायसन्सला फॉर्म १-ए वर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नूतनीकरण तीनऐवजी पाच वर्षांनी होतं. पाच वर्षांत चाळिशीच्या माणसाची नजर बरीच बदलते. म्हणून तपासणी गाडी थांबते तिथे पोचायला हवी. कळंबोलीकरांचा मुद्दा मला इथे पटतो: गेटवरच्या रांगेत दिवसभर बसलेला माणूस ही नजर, साखर आणि रक्तदाब तपासायची उत्तम संधी आहे. कारखान्यांचे सीएसआरचे, म्हणजे समाजकार्याचे, पैसे दूरच्या शिबिरांना जातात. स्वतःच्या गेटबाहेर महिन्यातून एक दिवस तपासणी ठेवली तर चष्मेही तिथेच वाटता येतील.

झोपेबद्दल एकच सांगते. सेव्ह लाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या अहवालात जवळपास निम्म्या ड्रायव्हरांनी थकलेले किंवा झोप येत असतानाही गाडी चालवतो असं सांगितलं होतं. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी यांनी माणूस जागा वाटतो, पण मेंदू दोन-चार सेकंदांसाठी मध्येच बंद पडतो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. त्यावर झोपेशिवाय इलाज नाही. वीस मिनिटं मिळाली तरी घ्या.

ड्रायव्हरची_लेक

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझे बाबा ट्रक चालवतात, मालक दुसरे आहेत. बाबांना अपघात झाला तर काय मिळतं हे आम्हाला घरात कोणालाच माहीत नाही. मालक म्हणतात गाडीचा विमा आहे. पण तो गाडीचा ना? बाबांचा काय? पगाराचा कागद कधीच मिळालेला नाही, रोख किंवा फोनवर पैसे येतात.

वकील_कोर्टनाका

ताई, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, नीट उत्तर देतो.

गाडीच्या पॉलिसीत १५ लाखांचं जे व्यक्तिगत अपघात संरक्षण दिसतं ते गाडीच्या मालकाने स्वतः चालवली तर त्याच्यासाठी असतं. पगारी ड्रायव्हरसाठी ते नाही. ड्रायव्हरचं संरक्षण वेगळ्या वाटेने येतं: १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा, जो नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय. कामावर असताना मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदारी मालकाची, आणि मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीच्या विम्यात ती जबाबदारी धरलेली असते.

मृत्यू झाल्यास हिशोब असा: महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. जानेवारी २०२० पासून यासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. ३५ वर्षांच्या माणसाचा आकडा १९७.०६ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले १९७.०६, साधारण १४ लाख ७८ हजार. जखमी झाल्यास अपंगत्वाच्या प्रमाणात.

अडतं कुठे? बाबा त्या गाडीवर नोकरीला होते आणि पगार इतका होता, हे सिद्ध करताना. म्हणून आजच या गोष्टी करा. मालकाने फोनवर पाठवलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. बिल्टीवर ड्रायव्हरचं नाव आणि लायसन्स नंबर लिहायची जागा असते, ती भरलेली असावी, फोटो काढून घरी पाठवायला सांगा. गाडीच्या पॉलिसीची प्रत मागून घ्या. लायसन्स संपलेलं नसावं, नाहीतर विमा कंपनी तिथेच धरते.

आता धाग्याच्या मूळ विषयावर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन जास्तीत जास्त दहा आणि ५४. आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या संस्थांना. दोन-तीन गाड्यांचे मालक त्यातून सुटायचे आणि आपल्याकडे तेच भरपूर आहेत. दुसरं, त्यातली कामाच्या तासांची व्याख्या पाहा: टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ कामात धरला होता. त्याहून लांब थांबण्याचा उल्लेख नव्हता. गेटवरचा दिवस म्हणजे आराम, असा अर्थ काढायला तिथे वाव राहायचा. कळंबोलीकर म्हणतात ती अडचण कायद्याच्या शब्दांतही होती. हा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय. तिच्या नियमांमध्ये थांबण्याचा वेळ स्पष्टपणे कामात धरावा, ही मागणी संघटनांनी लावून धरायला हवी.

२०२४ च्या जानेवारीत ड्रायव्हरांनी संप केला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) वर, अपघात करून पळाल्यास दहा वर्षांच्या शिक्षेवर. त्या कलमाची अंमलबजावणी थांबवली गेली. एका मुद्द्यावर एवढी एकजूट होऊ शकते तर कामाच्या तासांवर का होऊ नये? महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीवाल्यांसाठी कल्याणकारी मंडळ झालं. केरळमध्ये मोटार कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९८५ पासून आहे.

न्यू_जर्सीकर

इथल्या वेअरहाऊसमध्ये काम करतो म्हणून थोडं लिहितो. अमेरिकेत दहा तास विश्रांतीनंतर ११ तास चालवता येतं, तेही ड्यूटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत, आणि डिसेंबर २०१७ पासून ते इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नोंदलं जातं. पण गेटचा प्रश्न सुटलेला नाही. डॉकवर (माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी) थांबलं तरी ते १४ तास चालूच राहतात. साधारण पहिले दोन तास फुकट, पुढे डिटेन्शनचे, म्हणजे आपल्या हॉल्टिंगसारखे, पैसे अशी रीत आहे, पण ते मिळवायला इथेही भांडावं लागतं. पार्किंगचीही टंचाई आहे. २००९ मध्ये बंद पडलेल्या पंपावर थांबलेल्या एका ड्रायव्हरची हत्या झाली, त्याच्या पत्नीने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रक पार्किंगसाठी 'जेसन्स लॉ' आला. तेव्हा तासांचा नियम आणला तर थांबायची जागा त्याच्यासोबतच आणा, नाहीतर तास संपले म्हणून ड्रायव्हर हायवेच्या रॅम्पवर (चढण्या-उतरण्याच्या वाटेवर) गाडी लावतो.

शिल्पा_सातपूर

मी नाशिकच्या एका कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल बाहेर पाठवण्याचं काम, बघते. म्हणजे या धाग्यात ज्या गेटबद्दल बोलणं चाललंय, त्याच्या आतल्या बाजूची मी.

आमच्याकडे रांग का लागते ते शोधायला बसलो, तेव्हा कारण गेटवर नव्हतंच. सगळ्या गाड्यांना सकाळी ९ लाच बोलावलं जायचं. माल मात्र दुपारनंतर पॅक होऊन यायचा. गाडी हजर असली की डिस्पॅचवाल्याला बरं वाटतं, म्हणून बोलावून ठेवायची. आम्ही पॅकिंगचं वेळापत्रक आधी मागवायला लागलो आणि गाड्यांना वेगवेगळ्या वेळा दिल्या. ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर आदल्या संध्याकाळी गाडी नंबर आणि वेळ जाते. भरणाऱ्यांची जेवणाची सुट्टी दोन गटांत केली. रांग बरीच कमी झाली. महिनाअखेरीला अजूनही जमत नाही, विक्रीवाल्यांना शेवटच्या तीन दिवसांत सगळा माल बाहेर काढायचा असतो. तिथे माझं कोणी ऐकत नाही.

ई-वे बिलाचंही (माल नेण्यासाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) सांगते. गाडी नंबर भरला की मुदत सुरू होते, २०० किलोमीटरला एक दिवस. पूर्वी गाडी यायच्या आधीच बिल काढून ठेवायचे. आता काटा झाल्यावरच काढतो. दूरच्या गाडीला फरक पडत नाही, पण शनिवारी संध्याकाळी जवळच्या गावाला सोडलेली गाडी रविवारी तिकडे गोदाम बंद म्हणून अडकली की ड्रायव्हर मुदत संपलेल्या कागदावर रस्त्यात उभा. त्याला ती वाढवता येत नाही, ती इथून आम्हालाच वाढवावी लागते. आता शनिवारच्या गाड्यांची यादी सिक्युरिटी केबिनमध्ये असते आणि आमच्यातला एकजण रविवारी फोनवर असतो.

संडासाला सुरक्षा विभागाचा विरोध होता. ड्रायव्हर आत आले तर सेफ्टी शूज, हेल्मेट, अपघात झाला तर जबाबदारी कोणाची. म्हणून गेटच्या बाहेरच्या बाजूला भिंतीला लागून दोन संडास, एक नळ आणि पत्र्याची शेड केली. सुरुवातीला फार घाण व्हायचं आणि 'बघा, यांना सवयच नाही' असं बोलणारे होते. खरं कारण साधं होतं, तिथली सफाई कोणाच्याच कामात लिहिलेली नव्हती. आतल्या सफाईच्या कंत्राटात बाहेरचे दोन घातले आणि प्रश्न मिटला.

हॉल्टिंग मात्र आमची कंपनी अजून देत नाही. मी विचारलं होतं. फायनान्सचं म्हणणं, वेळेचा पुरावा काय?

कळंबोलीकर (धागाकर्ता)

शिल्पाताई, हीच बाजू मला कधी दिसत नाही, मनापासून आभार. सकाळी ९ च्या हट्टामागे पॅकिंग असेल हे आम्हाला इकडून कळणं शक्यच नव्हतं.

वेळेच्या पुराव्यासाठी माझ्या ऑफिसात मी बिल्टीवर एक रबरी शिक्का सुरू करतोय. चार रकाने: गेटवर आली, आत गेली, भरून झाली, सुटली. उतरवण्याच्या ठिकाणी तेच चार. तीन_गाड्यावाले काका, तुमच्यासारखे दहा-वीस मालक एकाच ट्रान्सपोर्टला हेच मागायला लागले तर 'पुढची गाडी दुसऱ्याची' हे कमी होईल असं वाटतं. भाड्याच्या भांडणात पडू नका, फक्त वेळेची नोंद मागा. नोंद नाकारायला कोणाकडे कारण नाही.

तीन_गाड्यावाला

शिक्क्याचा मजकूर पाठवा, मी इकडे जयसिंगपूर-सांगलीच्या मालकांच्या ग्रुपवर टाकतो. तासांवर मात्र तुमच्याशी पटणार नाही. तुम्ही आठ तासांनंतर हॉल्टिंग म्हणाल, मी चार तासांनंतर म्हणेन.

बारा_टायर

शिक्का ठीक आहे, पण सही कोण करणार? वॉचमन म्हणतो मला अधिकार नाही, आत साहेबाला विचारा. साहेब आतून बाहेर येत नाही आणि आपल्याला आत जाऊ देत नाहीत.

शिल्पा_सातपूर

दादा, सहीच्या मागे लागू नका. गाडी आत घेताना वॉचमन रजिस्टरमध्ये किंवा कॉम्प्युटरवर वेळ टाकतोच, आणि बाहेर पडताना गेटपास बनतो. बऱ्याच ठिकाणी गेटपासवर आत-बाहेरच्या दोन्ही वेळा छापून येतात. त्याची एक प्रत ड्रायव्हरला द्यायला कंपनीचं काही जात नाही, फक्त कोणी मागत नाही. त्यात एक कमी राहतं, गेटबाहेर रांगेत लागल्याची वेळ येत नाही. त्यासाठी टोकन मिळालं की टोकनचा आणि मागे गेट दिसेल असा फोटो लगेच ऑफिसच्या नंबरवर पाठवा, पाठवल्याची वेळ तिथे राहते.

बारा_टायर

टोकनचा फोटो जमेल. गेटपासची प्रत पुढच्या लोडिंगला मागतो, दिली की नाही ते इथे टाकतो.